पीएच.डी.ची फेलोशिप: किती मिळते, कधी मिळते आणि त्यानंतर काय?

अर्धापूर तालुका केळीसाठी ओळखला जातो. पण इथल्या बौद्ध वस्त्यांतून गेल्या काही वर्षांत आणखी एक पीक जोमाने आले आहे, ते म्हणजे एम.ए., एम.एस्सी. होऊन नेट-सेटच्या मागे लागलेली आणि पीएच.डी.ला नाव घातलेली मुले-मुली. घरातली पहिली किंवा दुसरी शिकलेली पिढी. त्यांच्याकडून आम्हाला नेहमी तेच प्रश्न येतात. फेलोशिप नेमकी किती? ती हातात केव्हा पडते? आणि ती संपल्यावर काय? या तिन्ही प्रश्नांची जमेल तेवढी सरळ उत्तरे इथे एकत्र देत आहोत.

आधी रक्कम. यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा, म्हणजे जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचे मूल्यमापन होऊन वरिष्ठ अधिछात्रवृत्ती (एसआरएफ) मिळाली की तो ४२,००० होतो. २०१९ पासून हेच आकडे ३१,००० आणि ३५,००० होते. अनुसूचित जातींसाठीच्या दोन मोठ्या योजना याच दराच्या धर्तीवर चालतात. एक केंद्राची नॅशनल फेलोशिप, जी २००५-०६ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती आणि जिच्यात वर्षाला २,००० जागा असतात. दुसरी पुण्याच्या बार्टीची, डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती. दोन्हींचा काळ जास्तीत जास्त पाच वर्षे. केंद्राची निवड नेटच्या गुणांवर होते, म्हणून जेआरएफ थोडक्यात हुकलेल्याने निराश होऊन बसू नये, ही यादी जरूर पाहावी.

या रकमेवर घरभाडे भत्ता वेगळा असतो, आणि इथे पुष्कळांचे पैसे सुटतात. भत्ता तुमच्या गावावरून नव्हे, तर संशोधन केंद्र कुठे आहे यावरून ठरतो. नांदेड-वाघाळा महापालिकेचे क्षेत्र ‘वाय’ श्रेणीत आहे, लातूर ‘झेड’ श्रेणीत. ‘वाय’चा दर ‘झेड’च्या दुप्पट असतो. त्यामुळे एकाच विद्यापीठाची दोन संशोधक मुले, एक नांदेडच्या केंद्रात आणि एक लातूरच्या, सारख्याच फेलोशिपवर वेगवेगळी रक्कम घेतात. वसतिगृहात खोली मिळाली असेल तर हा भत्ता मिळत नाही. पुस्तके, प्रवास, टंकलेखन यांसाठी आकस्मिक खर्चाची रक्कमही वर्षाला मिळते. तिच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा. वर्षाच्या शेवटी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन जुन्या तारखेची पावती मागण्याची वेळ कुणावर येऊ नये.

आता आपल्या समाजापुरता एक महत्त्वाचा मुद्दा, तो म्हणजे प्रमाणपत्राचा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्रात बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना मान्यता मिळायला १९९० उजाडले. त्यामुळे केंद्राच्या योजनेत नुसते ‘नवबौद्ध’ लिहून भागत नाही. मूळ अनुसूचित जात आणि बौद्ध धर्मांतर या दोन्हींची नोंद असलेला केंद्राचा नमुना लागतो. तो तहसीलमधून वेळेआधीच काढून ठेवावा. पूर्वी अल्पसंख्याक म्हणून बौद्धांना मौलाना आझाद फेलोशिपचा दुसरा दरवाजा होता. २०२२-२३ पासून तो केंद्राने बंद केला. दुसऱ्या योजनांशी सरमिसळ होते, असे कारण तेव्हा संसदेत सांगण्यात आले. एकाच माणसाने दोन फेलोशिप घेऊ नयेत हे खरेच आहे, पण ते एक अट घालूनही साधले असते. त्यासाठी योजनाच मोडायची गरज नव्हती, असे आमचे मत आहे.

कधी मिळते, हा खरा दुखरा प्रश्न. कागदावर दरमहा असलेली रक्कम प्रत्यक्षात अनेक महिन्यांनी एकदम येते. प्रगती अहवाल मार्गदर्शकाच्या सहीला जातो, मग केंद्रप्रमुखांच्या, मग विद्यापीठाच्या, मग पुण्याला किंवा दिल्लीला. एका जागी अडला की तिमाही गेली. तोवर खोलीचे भाडे, मेसचे पैसे उसनवारीवर चालतात. बाप मजुरीला जातो आणि मुलगा ‘३७ हजार पगार’ घेतो अशी गावात चर्चा असते. त्याच महिन्यात मुलाने बापाकडून दोन हजार मागितलेले असतात. अट अशी की पूर्णवेळ संशोधक असल्याने दुसरी नोकरी करता येत नाही. म्हणजे पैसे येत नाहीत आणि कमवायचीही परवानगी नाही.

बार्टीच्या बाबतीत तर निवडच लांबते. २०२२ मध्ये नोंदणी केलेल्या संशोधकांची परीक्षा २४ डिसेंबर २०२३ रोजी झाली. बार्टी, सारथी आणि महाज्योती अशा तिन्ही संस्थांसाठी एकच परीक्षा. तिची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेटचीच निघाली. परीक्षा रद्द झाली, १० जानेवारी २०२४ ला पुन्हा घेतली, आणि तिथेही काही संचांना सील नसल्याचे पाहून विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. ज्यांनी घ्यायची ती परीक्षा अशी घेतली आणि वर्षे मात्र मुलांची गेली. आझाद मैदानावर आणि पुण्यात बार्टीसमोर बसलेल्या मुलांच्या दोन मागण्या होत्या. फेलोशिप सर्वांना आणि पूर्ण द्या, आणि ती नोंदणीच्या तारखेपासून द्या. दुसरी मागणी ऐकायला किरकोळ वाटते. पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला नोंदणीपासून साधारण सहा वर्षे मिळतात, मुदतवाढ धरून आठ. महिलांना आणखी दोन. निवडीत दोन वर्षे गेली तर ती या मुदतीतूनच जातात.

फेलोशिप मध्येच तुटणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच.

राहिला प्रश्न नंतरचा. महाविद्यालयात कायम सहायक प्राध्यापक झाल्यास सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता. पण भरती थेंबाथेंबाने होते. राज्याने २०१८ मध्ये ३,५८० आणि २०२१ मध्ये २,०८८ पदांना मान्यता दिली. मध्ये आणि नंतर लांबच लांब थांबणे. तोवर काम चालते ते तासिका तत्त्वावर, सीएचबीवर. २०२३ च्या वाढीनंतर पदवी वर्गाच्या एका तासाला ९०० रुपये. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा धरली तर चार आठवड्यांचे ३२,४०० होतात, तेही शिकवण्याच्या महिन्यांतच. म्हणजे डॉक्टर झालेला माणूस संशोधक असताना मिळायचे त्यापेक्षा कमी कमावतो. खासगी संस्थांत मुलाखतीआधी कानावर घातले जाणारे ‘डोनेशन’चे आकडे आम्ही इथे छापत नाही, ज्यांनी ते ऐकले आहेत त्यांना ते पाठ आहेत.

म्हणून पीएच.डी. करू नका असे आम्ही म्हणणार नाही. नामांतराच्या लढ्यात याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा जीव गेला. विद्यापीठातली जागा आपल्याला कशी मिळाली ते आपण विसरलेलो नाही. पण डोळे उघडे ठेवून जा. नोंदणीच्या आधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते पाहा; सहायक प्राध्यापकाकडे चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठच संशोधक असू शकतात. पीएच.डी. चालू असली तरी नेट किंवा सेट काढून ठेवा, कारण जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीने तीच किमान पात्रता ठरवली आहे. फेलोशिपच्या चौथ्या वर्षी, पैसे चालू असतानाच, एमपीएससी, ग्रंथालय, पुराभिलेख, शासनाच्या प्रशिक्षण संस्था अशा बाजूच्या वाटांची चौकशी सुरू करा. पाचव्या वर्षानंतर खात्यावर शेवटचा हप्ता पडतो आणि प्रबंधाची दोन प्रकरणे अजून उरलेली असतात, हे आम्ही फार जणांच्या बाबतीत पाहिले आहे.

अर्धापूर किंवा आसपासच्या कुणाचा अहवाल अडला असेल, तर पहिल्यांदा तो कोणत्या टेबलावर आहे ते विचारा आणि जावक क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक हातात असला की पुढचा पत्रव्यवहार आणि माहिती अधिकाराचा अर्ज दोन्ही सोपे जातात.