बाळाचे जेवण आणि मंदाकिनीचा चेहरा

आमच्या घरी माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची एक व्हिडिओ कॅसेट आहे. लग्न १९९४ सालचे. गावातल्या ज्या फोटोवाल्या काकांनी आमचे शाळेच्या अर्जाचे फोटो काढले, आजोबांच्या एकसष्टीचा ग्रुप फोटो काढला, त्यांनीच नुकताच व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये बहुतेक वेळ माणसे नुसती उभी आहेत. कॅमेरा समोर आला की पाहुणे बोलायचे थांबतात, पदर सावरतात, हात बाजूला घेतात आणि फोटो निघण्याची वाट पाहत राहतात. फोटो काही निघत नाही. कॅमेरा अर्धा मिनिट तसाच रोखलेला राहतो आणि मग पुढच्या रांगेकडे सरकतो.

अपवाद एकाच जागी आहे. मांडवामागे आचाऱ्याच्या शेजारी वडील उभे आहेत, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून काहीतरी सांगत आहेत. कॅमेऱ्याकडे त्यांचे लक्ष नाही. हे दृश्य अकरा सेकंदांचे आहे. वडील २००९ साली गेले. तेव्हापासून आमच्या घरात ती कॅसेट या अकरा सेकंदांसाठी लावली जाते. मात्र ते काय बोलत आहेत हे ऐकू येत नाही, कारण त्यावर मिक्सिंगच्या वेळी एक सिनेमातले गाणे चढवलेले आहे.

हा अनुभव आमचा एकट्याचा नसावा. त्यातून मला पडलेला प्रश्न मात्र इतिहासाचा आहे. स्थिर छायाचित्र काढणाऱ्या माणसाच्या हाती चलच्चित्राचा कॅमेरा आला, तेव्हा त्याला नव्याने काय शिकावे लागले? आणि घरच्या माणसांची आठवण राखणारा चित्रपट, ज्याला आपण सोयीसाठी ‘स्मृतिपट’ म्हणू, तो या शिकण्यातून कसा घडला?

छायाचित्रणाची पहिली आज्ञा होती, ‘हलू नका’. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली त्या काळात एका प्रतिमेसाठी बराच वेळ स्थिर राहावे लागे. स्टुडिओत बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावला जाई. पुढे काचा जलद झाल्या, आधार गेला, पण ताठरपणा मात्र शिष्टाचार म्हणून उरला. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत भिंतीवर असणारे पागोटेवाले पूर्वज आठवून पाहावेत. त्यांच्या चेहऱ्यावर स्वभाव क्वचितच दिसतो. दिसते ती प्रतिष्ठा. फोटो ही हार घालण्याची वस्तू होती आणि ती काढून घेतानाच माणूस जणू त्या हाराच्या तयारीने बसत असे.

चलच्चित्राची सुरुवात ज्या घरात झाली ते घर छायाचित्रकाराचेच होते, हे आपण अनेकदा विसरतो. आंत्वान ल्यूमिएर हे फ्रान्समधील लियों शहरातले व्यक्तिचित्रे काढणारे छायाचित्रकार. त्यांचा मुलगा लुई याने सतराव्या वर्षी, १८८१ मध्ये, जलद काम देणारी कोरडी काच तयार केली आणि तिच्या जोरावर मोंप्लेझिर येथे कुटुंबाचा कारखाना उभा राहिला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां कॅफेत पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांना जे दहा लघुपट दाखवले गेले, त्यांत ‘बाळाचे जेवण’ हा एक होता. लुईचा भाऊ ओग्युस्त, त्याची पत्नी मार्गरीत आणि त्यांची तान्ही मुलगी आंद्रे बागेत टेबलाशी बसली आहेत. बाप मुलीला चमच्याने भरवतो, आई कॉफी ओतून घेते. सारा प्रकार मिनिटभराचाही नाही.

या दृश्याची मांडणी पूर्णपणे छायाचित्रकाराची आहे. तीन माणसे एका रेषेत, समोर टेबल, त्यावर नेटका मांडलेला ट्रे. स्टुडिओतल्या ग्रुप फोटोची चौकट येथे उचलून बागेत आणलेली आहे. परंतु चौकटीच्या आत दोन गोष्टी छायाचित्रकाराच्या हाताबाहेर गेल्या. एक म्हणजे वारा. मागची पाने हलतात, बाळाच्या गळ्याशी बांधलेल्या कापडाचे टोक उडते, आणि त्या वेळच्या प्रेक्षकांना जेवणाऱ्या कुटुंबापेक्षा या हलत्या पानांचेच नवल वाटले, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगत आले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द बाळ. हातातले बिस्किट ते मध्येच चौकटीबाहेर, कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे करते. कॅमेऱ्यामागे तिचा काका उभा आहे. जगातल्या या अगदी आरंभीच्या चित्रपटात एक मूल आपल्या छायाचित्रकाराला खाऊ देऊ पाहते. फोटोत फार तर पुढे आलेला हात दिसला असता. देऊ करणे दिसले नसते.

आंद्रे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारली. वय चोवीस. ल्यूमिएर बंधूंनी ते चित्रीकरण आठवणीसाठी केले नव्हते. आपले यंत्र काय करू शकते ते त्यांना दाखवायचे होते. ते यंत्राचे प्रात्यक्षिक स्मृतिपट झाले ते तेवीस वर्षांनी, आणि कोणाच्या कौशल्यामुळे नव्हे. ही बाब पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएरांचे खेळ झाले. ते पाहून ज्यांना या यंत्राचा ध्यास लागला त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतले व्यावसायिक छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांचे मायदेशी झालेले स्वागत टिपले. कलकत्त्यात हिरालाल सेन हेही मूळचे छायाचित्रकारच. त्यांचे चित्रपट १९१७ च्या आगीत नष्ट झाले. या पहिल्या पिढीने कॅमेरा प्रामुख्याने रस्त्यावर, मैदानात आणि रंगभूमीसमोर नेला. त्याला कारणेही होती. फिल्म महाग, तिचा खर्च तिकिटातून काढायचा, आणि तिकीट काढून कोणी परक्याचे घर पाहायला येत नाही. शिवाय घर म्हणजे घरातल्या स्त्रिया. त्यांना चारचौघांच्या पडद्यावर आणण्याची कल्पनाच त्या काळी अवघड होती.

घर पडद्यावर आणले ते धुंडिराज गोविंद फाळके यांनी. त्यांच्याविषयी आपण नेहमी पौराणिक चित्रपटाचे जनक म्हणून बोलतो. ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखांमुळे स्वदेशी उद्योगाचे पुरस्कर्ते म्हणूनही त्यांची मांडणी होते. दोन्ही मांडण्या योग्यच आहेत. मात्र फाळके हे आधी छायाचित्रकार होते आणि त्यांच्या चित्रपटांत त्यांचे कुटुंब सतत वावरते, ही बाजू सहसा किश्श्यांपुरती उरते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या परेश मोकाशी यांच्या चित्रपटाने ती लोकांपुढे आणली खरी, पण समीक्षेत तिचा विचार अजून तुरळकच दिसतो.

बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकल्यावर फाळक्यांनी गोध्र्याला व्यवसाय थाटला. १९०० च्या सुमारास प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे बडोद्यात त्यांच्या धंद्याला एका अफवेने ग्रासले. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी ती अफवा. ज्या माणसाचे घर प्लेगने रिते केले होते त्याच्याच यंत्राला लोक मरणाचे कारण समजत होते.

१९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. दादरच्या राहत्या घरी यंत्राची जुळणी झाल्यावर त्यांनी चाचणीसाठी धावणारी, खेळणारी मुले चित्रित केली. नंतर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज एक चित्र, असे महिनाभराहून अधिक काळ टिपले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हा तो प्रयोग. छायाचित्रकाराने चित्रपटकार होण्याचा सारा धडा त्यात आहे. रोजचे चित्र स्थिरच होते. ती चित्रे एकापुढे एक धावली आणि त्यांतून काळ दिसू लागला. घरात मूल कसे वाढले हे आईबापांना जसे रोज पाहूनही दिसत नाही आणि मग एके दिवशी एकदम दिसते, तसेच हे.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा तर घरचाच उद्योग होता. सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व सांभाळत. तारामती झाले अण्णा साळुंके, कारण स्त्री मिळेना. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. कथेत रोहिदास मरतो. चित्रीकरणाच्या वेळी भालचंद्र खेळताना पडून बेशुद्ध झाला आणि खर्च व खोळंबा टाळण्यासाठी त्या अवस्थेतच त्याच्या मृत्यूचे दृश्य घेतले गेले, अशी हकिगत फाळक्यांच्या चरित्रकथांत येते. ती वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या माणसाकडे कॅमेऱ्यातून पाहणे आणि आपल्या माणसाकडे पाहणे यांत केव्हा अंतर पडते, हा प्रश्न स्मृतिपटाच्या मुळाशी आहे आणि आपल्याकडे तो पहिल्याच कथापटाच्या वेळी उभा राहिला.

त्याचे वेगळे उत्तर मला ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये दिसते. यात बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची सहा-सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. चित्रपट सुरू होतो तो गोकुळात नव्हे. आधी दिसतो मंदाकिनीचा नुसता चेहरा, जवळून. त्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि विरतात. नंतर त्याच चेहऱ्याचा हळूहळू कृष्ण होतो आणि मग कथा सुरू होते.

कथेला या आरंभाची गरज नव्हती. मुलीच्या अभिनयाची ही जाहिरात होती असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. घरची मुलगी म्हणजे बिनखर्चाची नटी, हेही खरे. तरीही मुकुट चढण्याआधी मुलीचा चेहरा मुलगी म्हणून एकदा पाहून घ्यावा, हा निर्णय व्यवहाराने पुरता उलगडत नाही. स्टुडिओतल्या छायाचित्रकाराने एकच भाव निवडला असता आणि ‘हलू नकोस’ म्हटले असते. येथे बाप कॅमेरा फिरवत ठेवतो आणि चेहऱ्याला बदलू देतो. सरावलेले हसू संपून दुसरा भाव येण्याआधी मध्ये क्षणभर काहीच नसते, तेव्हा मंदाकिनी सर्वांत जास्त स्वतःसारखी दिसते. थिएटरातल्या प्रेक्षकांनी कृष्ण पाहिला. घरच्यांनी त्याच रिळात आपली मुलगी पाहिली असणार. भारतातील फारच थोडे मूकपट आज शिल्लक आहेत. ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहता येतो तो पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकाच्या चिकाटीमुळे.

पुढची हकिगत थोडक्यात. पाथेची साडेनऊ मिलिमीटरची फिल्म १९२२ मध्ये, कोडॅकची सोळा मिलिमीटरची १९२३ मध्ये आणि आठ मिलिमीटरची १९३२ मध्ये आली. घरगुती चित्रीकरण शक्य झाले, परंतु आपल्याकडे ते मूठभर श्रीमंतांपुरते राहिले. आठ मिलिमीटरचे रीळ चारेक मिनिटांत संपे, तेव्हा काय टिपावे याची निवड करणे भाग पडे. आणि ही चित्रे दीर्घकाळ मुकी होती.

व्हिडिओ कॅसेटने दोन्ही अडचणी सोडवल्या. तीन तासांची पट्टी आणि सोबत आवाज. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही स्टुडिओवाल्यांनी कॅमेरे घेतले. हॅलोजनचा डोळे दिपवणारा झोत, केबल सांभाळत मागे धावणारा पोरगा, मुंबई-पुण्याहून करून आणलेले मिक्सिंग, बदामाच्या आकारात फिरणारे वधूवर. यांना कोणी शिकवले नव्हते. जे येत होते ते फोटोचे शास्त्र, आणि फोटोत आवाज नसतो. त्यामुळे पट्टीवर आपोआप उतरलेला मांडवातला गलका त्यांना कचरा वाटला आणि त्यांनी तो गाण्यांखाली पुरला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपले लग्न सिनेमासारखे दिसावे अशी आपलीच मागणी होती. फाळक्यांच्या हाती घर सिनेमात गेले होते. आमच्या कॅसेटींत सिनेमा घरात शिरला आणि घराचा आवाज तेवढा बाहेर गेला.

आज छायाचित्रकारांची नवी पिढी कौटुंबिक चित्रपट करू लागली आहे. ड्रोन, संथगती, सिनेमासारखे रंग हे सारे आहेच. परंतु त्यांतले काही जण आजीला बोलते करतात, फोडणीचा आवाज मुद्दाम टिपतात, समारंभाऐवजी साधा मंगळवार निवडतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मचरित्राला ‘स्मृतिचित्रे’ हे नाव दिले. त्यातली माणसे आपल्याला आठवतात ती त्यांच्या बोलण्यामुळे, हट्टांमुळे, फजितींमुळे. त्यांतले कोणीही लक्ष्मीबाईंसमोर ताठ उभे राहिलेले नाही.

आमची कॅसेट २०१६ मध्ये संगणकावर उतरवून घेतली. पट्टीला बुरशी लागली होती, रंग फुटले आहेत, वडिलांचा सदरा निळा की राखाडी हे आता कळत नाही. ते अकरा सेकंद आई अजूनही पुन्हा पुन्हा लावायला सांगते. तिच्या मते ओठांवरून स्पष्ट कळते की ते मीठ कमी असल्याचे सांगत आहेत. बहिणीचे म्हणणे वेगळे आहे. ती म्हणते, ते आचाऱ्याला विचारताहेत की तुम्ही जेवलात का.