भिंत, ऊन आणि रातपाळी



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत त्यात तलवार नाही; माती, पऱ्हाटी, वीट आणि पत्रा आहे. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून भिंतीचा इतिहासही आम्ही तिच्या आत झोपणाऱ्या माणसाच्या बाजूने वाचतो.

कळमेश्वर-काटोल भागातले जुने घर आठवा. मातीची भिंत हातभराहून जाड, वर कवेलू, पुढे अंगण. ज्याला मातीची भिंत परवडत नसे तो पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड उभा करी आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपी. या बांधणीत शहाणपण होते. जाड भिंत ऊन अडवीत नाही, ती त्याला उशीर करते. दुपारी बाहेरून शिरलेली उष्णता आतल्या अंगाला पोचेपर्यंत सूर्य कलतो, आणि तोवर घरची मंडळी अंगणात खाटा टाकून बसलेली असतात. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास आले, तेव्हा तिथल्या कुट्याही माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्याच झाल्या. आज सेवाग्रामला जाऊन भर वैशाखात बापूकुटीत पाऊल ठेवा; पुस्तकात वाचण्यापेक्षा ते अधिक लवकर कळेल.

परंतु जुन्याची आरती ओवाळणे हा आमचा हेतू नाही. त्या भिंतीला वाळवी लागे, पावसाळ्यात ती खचे, आणि तिचे लिंपण-सारवण दरवर्षी घरातल्या बाईच्या हातून होई; त्या श्रमाची मजुरी कोणी मोजली नाही. शिवाय त्या भिंतीला अंगणाची जोड लागे. दिवसभर साठवलेली उष्णता ती रात्री आत सोडते. तेव्हा बाहेर निजायला जागा नसेल, तर तीच भिंत भट्टी होते.

इथेच कारखान्याचा प्रवेश होतो. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. सूत तुटू नये म्हणून कापडगिरणीत हवा ओलसर राखावी लागते, आणि तशी ती राखलीही जाते. सुताला मिळालेली ही काळजी सूत काढणाऱ्याच्या खोलीला मिळाली नाही. गिरणीने आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे रातपाळी. शेतकरी रात्री निजतो; रातपाळीचा कामगार सकाळी घरी येतो आणि ऐन दुपारी निजतो. म्हणजे ज्या वेळी ऊन सर्वांत निर्दय, त्याच वेळी त्याला झोप हवी. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना काढली. काही वसाहती झाल्या; पण कामगारांची संख्या घरांच्या पुढे धावत राहिली, आणि उरलेल्यांच्या वाट्याला पत्रा आला.

या पत्र्याचाही इतिहास आहे. १८२९ साली लंडनच्या गोदीतल्या पामर नावाच्या इंजिनियराने नागमोडी पत्र्याचे पेटंट घेतले. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्त चढविण्याचे पेटंट घेतले. नागमोडीने पत्र्याला ताकद दिली, जस्ताने गंज रोखला. गोदामासाठी ही चीज उत्तम होती. पण माल आणि माणूस यांत फरक आहे. अर्धा मिलिमीटर पत्रा उन्हाला क्षणाचाही उशीर करीत नाही; भर दुपारी तो साठ अंशांवर तापतो आणि खालच्या माणसावर ती आच सोडतो. आमच्या कळमेश्वरच्या एमआयडीसीत असा जस्ताचा आणि रंगीत पत्रा तयार होतो. तो बनविणारे हात त्याच पत्र्याखाली भाड्याच्या खोलीत निजतात, याला काय म्हणावे?

पत्र्याला तोड म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट आले. ते थोडे कमी तापते, गंजत नाही. पण त्याचा तंतू फुप्फुसात शिरला की वर्षानुवर्षांनी रोग होऊन बाहेर येतो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, अथवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांत जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. जुने पत्रे ज्यांच्या घरावर आहेत त्यांनी ते कापू नयेत, फोडू नयेत, घासू नयेत.

आता आजची निवड. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला हलका ठोकळा निघाला. आपण त्याला एएसी ब्लॉक म्हणतो. साध्या विटेपेक्षा तो कितीतरी कमी उष्णता जाऊ देतो, कारण त्यात कोंडलेली हवा आहे. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख विटांतही जाते आणि या ठोकळ्यांतही. मात्र तो पाणी शोषतो. बाहेरचा गिलावा नीट हवा. थर्मोकोल आणि फोमचे तक्ते उष्णता अडविण्यात याहूनही सरस. संत्र्यांच्या शीतगृहाला असल्या भिंती असतात. फळ नासू नये एवढी दक्षता आपण घेतो. पण हे तक्ते उघडे ठेवाल तर आगीला आमंत्रण आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे मेली. इमारतीला बाहेरून जे नवे आवरण चढविले होते, त्याच्या पोटात पेट घेणारे प्लॅस्टिक होते. ती बहुतेक साध्या भाडेकरूंची इमारत होती. तेव्हा भिंतीवर काय चढवतो हे विचारताना ते जळते का, हे आधी विचारा. दगडी लोकर जळत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१८ साली केंद्राने घराच्या भिंतींतून व छपरातून किती उष्णता आत यावी याची संहिता जाहीर केली. विचार चांगला, पण ती लागू धरली ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांना. कामगाराची दहा बाय दहाची खोली त्या हिशेबात कुठे बसते? आणि उष्णता ही काही केवळ गैरसोय नव्हे. मे २०१० मध्ये एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली.

घर बांधणाऱ्यांना आमचे सांगणे थोडके आहे. एकमजली घरात आधी छप्पर सांभाळा, मग पश्चिमेची भिंत. पैसा नसेल तर छपरावर पांढरा चुना द्या आणि पत्र्याखाली हवेला वाट ठेवून दुसरे आढे घाला. पैसा असेल तर पश्चिमेला हलका ठोकळा वापरा.

परंतु भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला भिंत निवडण्याचा अधिकारच नसतो. त्याच्यासाठी ही निवड घरमालक, कारखानदार आणि सरकार करतात. आठ तासांचा दिवस एके काळी मागावा लागला, पगारी रजा मागावी लागली. त्याच यादीत आता दुपारच्या झोपेची थंड भिंत लिहावी लागेल. पगाराच्या वाटाघाटीला बसताना हे कलम आमच्या कागदावर असते, आणि ते मान्य होईपर्यंत राहील.