डॉट-एन्व्ह फाइल

डॉट-एन्व्ह फाइल : सॉफ्टवेअर ज्या यंत्रावर चालते त्यानुसार बदलणारी मूल्ये, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, पोर्ट क्रमांक, पासवर्ड, बाह्य सेवांच्या चाव्या इत्यादी, ‘नाव=मूल्य’ अशा ओळींत साठवणारी साधी मजकूर-फाइल. हीरोकू कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या तत्त्वावलीत अशी मूल्ये कोडपासून वेगळी ठेवण्याचा आग्रह होता. गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ही फाइल एकदा नोंदली गेली, की पुढे ती काढून टाकली तरी जुन्या नोंदींत पासवर्ड शिल्लक राहतो. म्हणून फुटलेली चावी ताबडतोब रद्द करून नवी घेणे हाच खरा उपाय होय, केवळ इतिहास पुसणे नव्हे. यास्तव मूळ फाइल गिटबाहेर ठेवून, फक्त नावे व नमुना मूल्ये असलेली प्रत संघांमध्ये वाटतात. खरी मूल्ये चॅटवरून पाठवण्याची सवय मात्र घातक आहे. त्याऐवजी खास साधने वापरता येतात : मोझिलात विकसित झालेले सॉप्स हे साधन नावे वाचनीय ठेवून केवळ मूल्ये कूटबद्ध करते, त्यामुळे कोणत्या नोंदीत बदल झाला हे कूट उकलण्याची चावी नसलेल्यांनाही कळते; हॅशिकॉर्पचे व्हॉल्ट (२०१५) मागणीनुसार अल्पमुदतीचे पासवर्ड निर्माण करते आणि मुदत संपताच ते रद्द करते.