डोंगराआडचा पाऊस

शत्रूचें विमान हुडकावयास निघालेल्या यंत्राला पाऊस दिसूं लागला, तेव्हां त्याचें कौतुक कोणीच केलें नाहीं. 1940 च्या आरंभीं बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत रँडल आणि बूट यांनीं मॅग्नेट्रॉन नांवाची नळी सिद्ध केली आणि सेंटिमीटरांत मोजावयाच्या आंखूड रेडिओ-लहरी जोरानें फेंकणें शक्य झालें. त्या लहरींनीं विमान अधिक नेमकें दिसे. पण रडारच्या पडद्यावर अधूनमधून धुरकट डागहि उमटत. ते पावसाच्या सरींचे होते. युद्धाच्या धामधुमींत ती एक कटकट होती. युद्ध संपल्यावर हवामानशास्त्रज्ञांनीं ती कटकट मोठ्या आनंदानें मागून घेतली.

कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या मार्शल व पामर यांनीं 1948 सालीं पावसाच्या थेंबांविषयीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. पावसांत लहान थेंब पुष्कळ व मोठे थेंब थोडे; तें प्रमाण कसें घटत जातें याचें साधें सूत्र त्यांत होतें. त्याची गरज अशी कीं, परत येणारा प्रतिध्वनि थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानें वाढतो. एक मिलिमीटरच्या थेंबापेक्षां दोन मिलिमीटरचा थेंब चौसष्टपट प्रतिध्वनि देतो. त्यांतलें पाणी मात्र आठपटच! तेव्हां थेंब केवढाले आणि किती, हें ठाऊक असल्यावांचून पावसाचें माप निघणें नाहीं.

सपाट मुलुखांत एवढ्यावर बरेंचसें काम भागतें. उंच पर्वतांत तें अडतें. रडारचा किरण सरळ धांवतो आणि डोंगर त्याच्या आड येतो. शिवाय खडकाचा प्रतिध्वनि सरीच्या प्रतिध्वनीला बुडवून टाकतो. खडक स्थिर असतो आणि पाऊस हलतो, एवढ्या खुणेवरून डॉप्लरच्या तत्त्वानें दोहोंची निवड करावी लागते. किरण वर उचलावा, तर पलीकडच्या दरींतला पाऊस त्याच्या खालींच राहतो. त्यांत हिमाची भर पडते. हिमकण वितळूं लागला म्हणजे त्यावर पाण्याचा लेप चढतो आणि रडारला तो भला मोठा थेंबच भासतो. त्या थरांतून किरण गेला तर पाऊस आहे त्याहून जास्त दिसतो, थराच्या वरून गेला तर कमी.

या अडचणींशीं चिकाटीनें झगडले ते स्विस लोक. 24 सप्टेंबर 1993 रोजीं आल्प्समधील ब्रिग गांवीं साल्टिना नदी पुलाशीं दगडगोट्यांनीं तुंबली आणि गांवाचा मध्यभाग गाळानें भरून गेला. (पुढें तेथें पुराच्या पाण्याबरोबर आपोआप वर उचलला जाणारा पूल बांधण्यांत आला.) त्याच वर्षीं इटलीच्या सीमेवरील मोंते लेमा या 1,600 मीटरांहून उंच शिखरावर रडार बसविलें गेलें. पुढल्याच वर्षीं, नोव्हेंबरांत, इटलीच्या पिएमाँते प्रांतांत महापुरानें सुमारें 70 बळी घेतले. आल्प्सच्या पावसाचा छडा लावणें आतां टळण्यासारखें नव्हतें.

1999 सालीं 7 सप्टेंबर ते 15 नोव्हेंबरपर्यंत अनेक राष्ट्रांचे शास्त्रज्ञ माज्जोरे सरोवराच्या परिसरांत ठाण मांडून बसले. मोंते लेमाच्या जोडीला अमेरिकेंतून व फ्रान्समधून रडारें आलीं, विमानें उडालीं, आणि एक रडार तर मालमोटारीवर चढवून तोचे नदीच्या खोऱ्यांत नेण्यांत आलें. या साऱ्या खटाटोपांत मला ती मालमोटारच सर्वांत मोलाची वाटते. 20 व 21 ऑक्टोबरच्या पावसांत वरची दमट हवा दक्षिणेकडून येऊन पर्वत चढत होती. खोऱ्याच्या तळची हवा मात्र उलट सपाटीकडे वाहत होती! वाऱ्यानें डोंगरावर आदळावें आणि वर चढावें, हें शालेय पुस्तकांतलें चित्र दरीच्या तळाशीं लागू पडलें नाहीं. त्याच्या महिनाभर आधीं, 19 व 20 सप्टेंबरला, हवा अस्थिर होती. ती पहिल्याच उतारावर उसळली आणि हिम वितळण्याच्या थराखालींच थेंब एकमेकांस मिळून मोठे झाले. डोंगर तोच, वाराहि दक्षिणेचाच, परंतु पावसाची तऱ्हा निराळी. आणि पाणी कोणत्या नदींत किती वेगानें उतरणार, हें त्या तऱ्हेवर ठरतें. 2014 व 2016 सालीं स्विस लोकांनीं प्लेन मोर्त आणि व्हाइसफ्लुगिपफेल या आणखी उंच शिखरांवर रडारें नेलीं.

हिमालयापुढें शिखरांचा हा उपाय तोकडा पडला. तेथें रडार प्रथम आकाशांतून पोंचलें. 28 नोव्हेंबर 1997 रोजीं जपानच्या तानेगाशिमा बेटावरून सोडलेल्या उपग्रहांत पाऊस पाहणारें पहिलें अवकाशस्थ रडार होतें. त्याच्या नोंदींतून असें दिसलें कीं, पर्वताच्या पश्चिम टोंकाशीं वादळें उंचच उंच उसळतात, तर पूर्वेस पाऊस विस्तीर्ण प्रदेशावर पसरून पडतो. पश्चिमेस अरबी समुद्राच्या दमट हवेवर अफगाणिस्तानकडील कोरडी, उष्ण हवा झांकणासारखी बसते. पायथ्याशीं तें झांकण उडालें कीं ढगांना धरबंध राहत नाहीं. परंतु उपग्रह एका जागीं थांबत नाहीं. कांहीं क्षण पाहून तो पुढें जातो.

5 ऑगस्ट 2010 च्या रात्रीं लेहवर चिखलाचे व दगडांचे लोंढे उतरले आणि 200 हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. हें शहर सुमारें 3,500 मीटर उंचीवरचें आणि पर्जन्यछायेंतलें. तेथील हवाई दलाच्या वेधशाळेंत नोंदला गेलेला पाऊस होता 12.8 मिलिमीटर! मोजपात्र खोटें बोललें नाहीं. लोंढा आणणारी वृष्टि वरच्या ओढ्यांच्या माथ्यावर पडली होती. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं पुढें दाखविलें कीं, तिबेटच्या पठारावरील ढग सलग तीन दिवस पश्चिमेकडे सरकत आले आणि तिसऱ्या दिवशीं पठाराच्या कांठाशीं त्यांना खालची दमट हवा मिळाली. त्या रात्रीं लेहमध्यें हवामानाचें रडार नव्हतें.

2021 सालीं कुफरी व मुक्तेश्वर येथें, आणि 2022 च्या जानेवारींत लेह येथें भारतीय हवामान खात्याचीं डॉप्लर रडारें सुरू झालीं. लेहच्या उत्तरेस लडाखची आणि दक्षिणेस स्तोकची रांग उभी आहे. दोहोंचीं शिखरें शहराहून सुमारें दोन हजार मीटर किंवा त्याहूनहि उंच. उत्तरेच्या रांगेपलीकडे नुब्राचें खोरें आहे. तेथला जमिनीलगतचा पाऊस लेहच्या यंत्राच्याहि आडच राहणार; त्यासाठीं तोचे खोऱ्यांतल्यासारखी एखादी मालमोटार खर्दुंग ला ओलांडून न्यावी लागेल.