देहबाह्य अनुभव

आपण स्वतःच्या शरीराबाहेर असून तेथून भोवतालचे जग पाहत आहोत, अशी स्पष्ट जाणीव होण्याच्या अवस्थेस देहबाह्य अनुभव म्हणतात. ‘मी’चे स्थान शरीराबाहेर, बहुधा उंचावर, असल्याचे वाटणे, त्या उंचीवरून दृश्य दिसणे आणि स्वतःचा देह खाली पडलेला दिसणे, ही त्याची तीन मुख्य लक्षणे होत. सूक्ष्मदेहाचे प्रक्षेपण ही या अनुभवाची एक उपपत्ती आहे. स्थूल देह सोडून सूक्ष्म देह खरोखर बाहेर पडतो, प्रवास करतो आणि हे सरावाने साधता येते, असे ती मानते. अनुभव येतो, याबद्दल अभ्यासकांत मतभेद नाहीत. शरीरातून काही बाहेर जाते काय, हा वादाचा विषय आहे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवल्याखेरीज विषयाचा नीट विचार होत नाही.

आढळ : निरनिराळ्या पाहण्यांनुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींना आयुष्यात एकदा तरी असा अनुभव येतो. झोप लागताना वा जाग येताना, अतिश्रमात, अपघातात, अपस्माराच्या झटक्यात, अर्धशिशीत आणि हृदयक्रिया बंद पडल्यावर तो आल्याच्या नोंदी आहेत. केटामीन या भुलीच्या औषधानेही तो येऊ शकतो.

परंपरा : प्राचीन ईजिप्तमध्ये मृताचा ‘बा’ (आत्म्याचे एक रूप) मानवी मस्तकाच्या पक्ष्याच्या रूपात दाखवीत. क्लाझोमेनाय येथील हर्मोटिमस याचा आत्मा देह सोडून दूर फिरून येई, अशी ग्रीक आख्यायिका आहे. भारतात सांख्यांचा लिंगदेह आणि उपनिषदांतील पंचकोशांची कल्पना यांतून स्थूल देहापलीकडच्या देहाचा विचार मांडला गेला. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात परकायाप्रवेशाचा उल्लेख आहे. आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात केलेला प्रवेश आणि ‘नवनाथ भक्तिसारा’तील मच्छिंद्रनाथांची कथा यांमुळे ही कल्पना मराठी भाविकांच्या परिचयाची आहे. या कथांत देहांतर ही योगसिद्धी आहे. आपोआप येणाऱ्या अनुभवाशी तिचे नाते जोडणे हे अर्वाचीन आहे.

आधुनिक प्रसार : थिऑसॉफिकल सोसायटीने (स्थापना न्यूयॉर्क, १८७५, १८८२ पासून मुख्यालय अड्यार, मद्रास, आताचे चेन्नई) भारतीय आणि पाश्चात्त्य कल्पनांची सांगड घालून सूक्ष्मदेहाचा सिद्धांत प्रसृत केला. सिल्व्हन मल्डून आणि हिअरवर्ड कॅरिंग्टन यांच्या १९२९ मधील ग्रंथाने दोन्ही देहांना जोडणाऱ्या रुपेरी दोराची कल्पना लोकप्रिय केली. सिलिया ग्रीन यांनी १९६८ मध्ये शेकडो निवेदनांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. रॉबर्ट मन्रो यांचे आत्मकथनपर पुस्तक १९७१ मध्ये निघाले.

प्रक्षेपणाच्या चाचण्या : देहाबाहेर खरोखर पाहता येत असेल, तर देहाच्या डोळ्यांना न दिसणारी वस्तू ओळखता आली पाहिजे, हे या चाचण्यांचे सूत्र. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स टार्ट यांनी कॅलिफोर्नियात एका तरुणीची चार रात्री तपासणी केली आणि १९६८ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मेंदूतील विद्युत क्रिया नोंदवण्यासाठी तिच्या मस्तकावर विद्युत्‌मस्तिष्कालेखाच्या तारा जोडलेल्या होत्या. पलंगावरून दिसणार नाही अशा उंच फळीवर एका कागदावर यादृच्छिक पाच अंकी संख्या लिहून ठेवली जाई. चौथ्या रात्री तिने २५१३२ ही संख्या बरोबर सांगितली. केवळ योगायोगाने असे होण्याची शक्यता लाखात एक. तथापि घड्याळाच्या पृष्ठभागावरील प्रतिबिंबातून ती दिसली असणे अशक्य नाही, हे टार्ट यांनीच नमूद केले. खोलीवर अखंड नजर नव्हती, असाही आक्षेप आहे. हा निकाल कडक नियंत्रणाखाली निर्विवादपणे पुन्हा मिळालेला नाही.

सॅम पार्निया यांच्या नेतृत्वाखालील पाहणीत (२०१४) हृदयक्रिया बंद पडल्याच्या २,०६० घटना अभ्यासल्या गेल्या. रुग्णालयांत केवळ छताच्या बाजूने दिसतील अशी चित्रे फळ्यांवर ठेवली होती. वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती झाल्या आणि १०१ जणांची सविस्तर चौकशी पूर्ण झाली. दोघांनी त्या वेळचे पाहिलेले-ऐकलेले सांगितले. एकाचे वर्णन घटनाक्रमाशी जुळले. परंतु दोन्ही घटना फळ्या नसलेल्या जागी घडल्याने मूळ प्रश्न तपासलाच गेला नाही. दुसऱ्या टप्प्यात (२०२३) ५६७ रुग्णांपैकी ५३ वाचले आणि २८ जणांच्या मुलाखती झाल्या. दाखवलेले चित्र कोणालाही ओळखता आले नाही. कानांत ऐकवलेले शब्द एकाने ओळखले.

मेंदूविज्ञानातील संशोधन : या विषयातील सर्वांत महत्त्वाची भर येथे पडली आहे. ओलाफ ब्लांके आणि सहकारी जिनीव्हा येथे अपस्माराच्या एका रुग्ण महिलेची शस्त्रक्रियापूर्व तपासणी करीत होते. मेंदूच्या उजव्या बाजूच्या कोनीय वलयाला सौम्य विद्युत्‌प्रवाह देताच आपण पलंगात रुतत आहोत किंवा उंचावरून पडत आहोत, असे तिला वाटले. प्रवाह वाढवल्यावर आपण छताजवळ तरंगत आहोत, असे तिला वाटले आणि पलंगावरचे आपले पाय व धडाचा खालचा भाग तिला दिसला. उत्तेजन थांबताच अनुभव थांबे, पुन्हा दिले की परते. हा वृत्तांत २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढे २००४ मध्ये सहा रुग्णांच्या अभ्यासातूनही शंखखंड व पार्श्वखंड यांच्या संधिभागाकडेच निर्देश झाला.

या भागात दृष्टी, स्पर्श, स्नायू-सांध्यांकडून येणारी माहिती आणि अंतःकर्णातील तोलाची माहिती एकत्र येते. ‘मी येथे, या देहात आहे’ ही जाणीव या मेळातून घडते. मेळ फिसकटला की देहाची प्रतिमा एकीकडे आणि ‘मी’चे स्थान दुसरीकडे पडते, अशी ही उपपत्ती आहे. भोवळीच्या विकारांवरील २०१८ मधील एका फ्रेंच अभ्यासाने तिला बळ मिळते : अशा रुग्णांपैकी १४ टक्के आणि निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्के जणांनी देहबाह्य अनुभव सांगितला.

निरोगी माणसांतही या अनुभवाचे अंशतः अनुकरण करता येते. २००७ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत व्यक्तीला डोळ्यांवरील पडद्यातून मागच्या कॅमेऱ्याने टिपलेली स्वतःचीच पाठ समोर दिसे. बिग्ना लेंगेनहागर यांच्या प्रयोगात खऱ्या पाठीवर काठी फिरत असतानाच समोरच्या प्रतिमेच्या पाठीवरही ती त्याच लयीत फिरताना दिसे. त्यानंतर मूळ जागी परत जायला सांगितल्यावर लोक प्रतिमेच्या दिशेने सरकलेल्या जागी उभे राहत. हेन्‍रिक एर्सन यांनी छातीवरील स्पर्श आणि कॅमेऱ्यासमोरची हालचाल यांचा मेळ घालून, आपण कॅमेऱ्याच्या जागी बसलो आहोत असा भास निर्माण केला.

मानसशास्त्रीय विवेचन : मानसशास्त्रज्ञ सूझन ब्लॅकमोर यांना १९७० मध्ये ऑक्सफर्ड येथे असा अनुभव आला. इंद्रियांकडून येणारी माहिती तुटल्यावर मन स्मृतीतून जगाचे दृश्य रचते आणि स्मृतीतील दृश्ये पुष्कळदा वरून पाहिल्यासारखी असतात, असा निष्कर्ष त्यांनी पुढील संशोधनातून मांडला.

संबंधित अवस्था : निद्रापक्षाघात (झोप लागताना वा जाग येताना शरीर हलवता न येणे), सजग स्वप्न (स्वप्नातच आपण स्वप्न पाहत असल्याची जाणीव असणे) आणि स्वतःची प्रतिकृती समोर दिसणे या अवस्था देहबाह्य अनुभवाशी संबंधित मानल्या जातात.

मूल्यमापन : मेंदूतील यंत्रणा सापडल्याने देहाबाहेर काही जातच नाही, हे तर्काने सिद्ध होत नाही. मात्र तसे काही जाते, असे म्हणण्यास लागणारा पुरावा आजवरच्या चाचण्यांतून मिळालेला नाही, आणि अनुभवाची बहुतेक लक्षणे मेंदूच्या कार्यातून समजावता येतात. मृत्यूसमीप अवस्थेतील काही वृत्तांतांचा अर्थ काय लावावा, याबद्दल मतभेद आहेत.

वैद्यकीय बाजू : असा अनुभव हा मनोविकाराचा पुरावा नव्हे आणि तो सांगणारी व्यक्ती खोटे बोलते असेही नव्हे, तिचे म्हणणे नीट ऐकून घेणे आवश्यक असते. अनुभव वारंवार येत असेल किंवा त्यासोबत शुद्ध हरपणे, झटके वा भोवळ असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. एरवी उपचारांची गरज बहुधा नसते.