वर्गणीदारांची शर्यत

घोड्यांच्या शर्यतीवर एका कामगार कार्यकर्त्याने बोलावे याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही आयुष्यात घोड्यावर पैसा लावलेला नाही. आम्ही फाडल्या त्या युनियनच्या पावत्या, आणि त्याही तीस वर्षे! म्हणूनच अमेरिकेतील ‘ब्रीडर्स कप’ या वार्षिक शर्यतमेळाव्याची हकिकत वाचताना आम्ही थबकलो. घोडे क्षणभर बाजूला ठेवले, तर तो वर्गणीचा इतिहास आहे.

या धंद्यातील पैशाची वाट आधी समजून घेतली पाहिजे. ‘थरोब्रेड’ ही जात इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून आणलेल्या नर घोड्यांपासून तयार झाली. चांगला घोडा दोन-तीन वर्षे धावतो आणि मग पैदाशीला जातो. खरी कमाई तेथे असते. या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. त्यामुळे प्रत्येक घोडी फळवण्याचे शुल्क घोड्याच्या मालकाच्या पदरात पडते. ते काही घोड्यांना हजार डॉलर, तर नामांकितांना लाखाच्या घरात मिळते.

अमेरिकेत केंटकी डर्बीसारख्या गाजलेल्या शर्यती फक्त तीन वर्षांच्या घोड्यांच्या. बाकीच्या मोठ्या शर्यती निरनिराळ्या मैदानांवर विखुरलेल्या, आणि वर्षाचा सर्वश्रेष्ठ घोडा कोणता हे शेवटी मतांनी ठरायचे. केंटकीतील जॉन गेन्स या पैदासकाराने १९८२ साली सुचवले की, हंगामाच्या अखेरीस एकाच दिवशी, एकाच मैदानावर, वेगवेगळ्या वयांच्या आणि अंतरांच्या शर्यती घ्याव्यात. पण बक्षिसाचा पैसा कोणी द्यायचा?

येथेच खरी मेख आहे. पैदाशीच्या प्रत्येक घोड्याच्या मालकाने दरसाल निधीत एका घोडीचे शुल्क भरावे. ज्याचे शुल्क हजार त्याने हजार, ज्याचे लाख त्याने लाख. अशा घोड्याच्या शिंगराची नोंदणी मालकाने एकदाच, सुरुवातीच्या काळात ५०० डॉलर भरून केली, की ते शिंगरू जन्मभर पात्र. ऐपतीप्रमाणे वर्गणी हे तत्त्व आम्ही गिरणीच्या दारात किती सभांतून सांगितले असेल! लक्षाधीशांनी ते दोन वर्षांत अमलात आणले.

वर्गणी न भरणाऱ्याचे काय? त्याला दार बंद नव्हते, पण ते महाग होते. १० नोव्हेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियातील हॉलिवूड पार्क येथे पहिला मेळावा भरला. सात शर्यती, एक कोटी डॉलरची बक्षिसे, चौसष्ट हजारांवर प्रेक्षक. शेवटची ‘क्लासिक’ ही सव्वा मैलाची, ३० लाखांची. त्यात वाइल्ड अगेन नावाचा घोडा होता. त्याची नोंदणी झालेली नव्हती, म्हणून मालकांनी ३ लाख ६० हजार डॉलर भरून त्याला उतरवले. बाजारात त्याचा भाव एकतीसास एक! पॅट डे या जॉकीने त्याला आतल्या कठड्याशी धरून ठेवले. शेवटच्या टप्प्यात स्ल्यू ओ’ गोल्ड आणि गेट डान्सर त्याला भिडले. तिघे एकमेकांना घासत रेषेपार गेले. पंचांनी चौकशी केली, गेट डान्सरला दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ढकलले आणि वाइल्ड अगेनचा विजय कायम राहिला. मालकांना साडेतेरा लाख मिळाले. आमच्याकडे वर्गणी चुकवून बोनसच्या दिवशी रांगेत पहिले उभे राहणारे होते. त्यांच्याकडून असा दंड वसूल करण्याची हिंमत मात्र आम्हांला झाली नाही.

२००७ पासून मेळावा दोन दिवसांचा झाला आणि २०१८ पासून शर्यती चौदा. वर्षभरातल्या ठरावीक शर्यती जिंकणाऱ्याला थेट प्रवेश. उरलेल्या जागा गुणांवर आणि जाणकारांच्या निवडीवर. मैदान बदलत असते. १९९६ साली तर मेळावा कॅनडातील वुडबाइनला गेला होता. चांगल्या घोड्यावर जास्त ओझे लादून सर्वांना समान संधी देण्याचा हँडिकॅपचा प्रकार येथे नाही. वजन ठरते ते वय आणि नर-मादी पाहून. क्लासिकमध्ये तीन वर्षांच्या घोड्यावर १२२ पौंड, त्याहून मोठ्यावर १२६, आणि घोडीला तीन पौंडांची सूट.

आता मैदानाच्या मागच्या बाजूस जाऊ. तेथे पहाटेच्या अंधारात घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार असतात. महालक्ष्मीचे तबेले पाहिलेल्यांना हे चित्र परके नाही. सरावासाठी घोडे दौडवणारे वेगळे, धावून आलेल्या घोड्याला नुसते फिरवून थंड करणारेही वेगळे. अनेक जण मेक्सिको आणि ग्वाटेमालातून आलेले. कित्येकांचा मुक्काम तबेल्याशेजारच्या खोल्यांतच.

कामगारांनी संघटना करावी आणि मालकाने तीत अडथळा आणू नये, यासाठी अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने एक राष्ट्रीय मंडळ नेमले. या मंडळाने १९७३ साली नियम केला की, घोड्यांच्या व कुत्र्यांच्या शर्यतींच्या धंद्यातील प्रकरणे आम्ही हाती घेणार नाही. कारणे काय? राज्यांचे नियंत्रण या धंद्यावर आहेच, आणि नोकऱ्या अल्पमुदतीच्या, माणसे सारखी बदलणारी. आम्ही हे कारण दोनदा वाचले. माणूस टिकत नाही म्हणून त्याला युनियनची गरज. येथे माणूस टिकत नाही म्हणून युनियनचे गाऱ्हाणे ऐकायचे नाही! जॉकींनी १९४० मध्येच आपली गिल्ड उभारली होती, पण मोतद्दाराला तेवढा आवाज नव्हता.

जिंकणाऱ्या जॉकीला मालकाच्या बक्षिसाचा साधारण दहावा हिस्सा मिळण्याची रीत आहे. फोटो निघतात, फुलांची झूल पडते. त्याच वेळी मागे पडलेल्या घोड्यांचे मोतद्दार आपापली दोरी धरून तबेल्याकडे निघालेले असतात. घोडा घामाने निथळत असतो. त्याचा श्वास खाली येईपर्यंत त्याला थांबू द्यायचे नसते, म्हणून फिरवणारा माणूस त्याच्या बरोबर गोल गोल चालत राहतो.