एएसपी.नेटमधील कॉन्फिगरेशन

एएसपी.नेटमधील कॉन्फिगरेशन म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एएसपी.नेट या वेब तंत्रज्ञानात उपयोजनाची सेटिंग्ज मूळ आज्ञावलीबाहेर ठेवण्याची आणि ती चालू असताना वाचण्याची व्यवस्था होय. डेटाबेसचा पत्ता, ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरचे नाव, बाह्य सेवांच्या गुप्त किल्ल्या अशी मूल्ये विकासकाच्या संगणकावर एक आणि प्रत्यक्ष संकेतस्थळाच्या सर्व्हरवर दुसरी असतात; आज्ञावली मात्र दोन्हीकडे तीच असते. ही मूल्ये आज्ञावलीतच लिहिल्यास प्रत्येक बदलासाठी ती पुन्हा कंपाइल करावी लागते, तसेच आज्ञावली ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती परवलीचे शब्दही पडतात.

वेब.कॉन्फिग संचिका

२००२ मध्ये .नेट फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ही सेटिंग्ज वेब.कॉन्फिग या एक्सएमएल स्वरूपाच्या संचिकेत ठेवली जातात. तिच्या अ‍ॅपसेटिंग्ज या विभागात नाव व मूल्य यांच्या जोड्या असतात. डेटाबेस जोडणीसाठी कनेक्शनस्ट्रिंग्ज हा स्वतंत्र विभाग २००५ मधील २.० या आवृत्तीत आला.

या संचिकांची उतरंड असते. संपूर्ण संगणकाला लागू होणारी मशीन.कॉन्फिग ही संचिका सर्वांत वर असते. तिच्याखाली संकेतस्थळाची, उपयोजनाची आणि उपनिर्देशिकेची वेब.कॉन्फिग येते. वरची मूल्ये खाली वारशाने उतरतात आणि खालच्या संचिकेत तेच नाव पुन्हा आल्यास सामान्यतः तेथील मूल्य ग्राह्य धरले जाते.

वेब.कॉन्फिगमध्ये बदल होताच उपयोजन आपोआप नव्याने सुरू होते. सर्व्हर बंद करावा लागत नाही. परंतु उपयोजनाच्या स्मृतीत ठेवलेली सत्राची माहिती पुसली जाते. त्यामुळे खरेदीच्या संकेतस्थळावर ऐन गर्दीच्या वेळी असा बदल केल्यास ग्राहकांनी निवडलेल्या वस्तूंची यादी नाहीशी होऊ शकते.

मूल्ये वाचणे

पहिल्या आवृत्तीत मूल्ये वाचण्यासाठी कॉन्फिगरेशनसेटिंग्ज हा क्लास होता. २.० पासून त्याची जागा कॉन्फिगरेशनमॅनेजर या क्लासने घेतली. अ‍ॅपसेटिंग्जमधील मूल्य नेहमी मजकुराच्या रूपात मिळते. एका पानावर २० नोंदी दाखवायच्या असे सेटिंग असेल, तर वाचलेल्या मूल्याचे संख्येत रूपांतर आधी करावे लागते. मागितलेले नाव संचिकेत नसेल, तर त्याच ठिकाणी त्रुटी येत नाही; केवळ रिक्त मूल्य परत मिळते. नाव लिहिताना झालेली लहानशी चूक त्यामुळे पुढे भलत्याच ठिकाणी उघड होते. म्हणून आवश्यक मूल्यांची तपासणी उपयोजन सुरू होतानाच करणे हितावह ठरते.

एएसपी.नेट कोअरमधील बदल

२०१६ मध्ये आलेल्या एएसपी.नेट कोअरने ही व्यवस्था नव्याने रचली. मूल्ये एकाच संचिकेतून न घेता अनेक स्रोतांतून क्रमाने घेतली जातात. प्रचलित क्रमात प्रथम अ‍ॅपसेटिंग्ज.जेसन ही संचिका, मग विकास किंवा उत्पादन अशा परिस्थितीनुसार असलेली तिची दुसरी संचिका, विकासाच्या वेळी यूझर सीक्रेट्स, त्यानंतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि शेवटी कमांड लाइनवरून दिलेली मूल्ये येतात. एकच नाव दोन ठिकाणी असल्यास नंतरच्या स्रोतातील मूल्य टिकते. संबंधित मूल्ये एका क्लासमध्ये एकत्र बांधण्याची सोयही येथे आहे. त्या वेळी संख्येचे रूपांतर आपोआप होते.

सुरक्षितता

आयआयएस हा वेब सर्व्हर वेब.कॉन्फिग संचिका न्याहाळकाला देण्यास नकार देतो. तथापि, एवढ्याने गुप्तता साधत नाही. गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत परवलीचा शब्द एकदा नोंदला गेला, की संचिकेतून तो खोडल्यावरही जुन्या नोंदींत शिल्लक राहतो. अशा वेळी तो शब्दच बदलणे हा खरा उपाय होय.

.नेट फ्रेमवर्कमध्ये एएसपीनेट_रेगआयआयएस या साधनाने वेब.कॉन्फिगमधील ठरावीक विभाग कूटबद्ध करता येतो; वाचताना त्याची उकल आपोआप होते. यूझर सीक्रेट्समधील मूल्ये प्रकल्पाच्या निर्देशिकेबाहेर साठवली जातात, पण ती कूटबद्ध नसतात. ही सोय केवळ विकासकाळापुरती आहे. प्रत्यक्ष वापरातील संकेतस्थळासाठी अ‍ॅझूर की व्हॉल्टसारखी गुपिते सांभाळणारी स्वतंत्र सेवा वापरली जाते.